दुकानात, गाळ्यात, ऑफिसात कोणी घुसलं आणि हलेनाच तर? ठाणे-नवी मुंबईवाल्यांचे नेहमीचे प्रश्न

आधीच सांगतो, मी वकील नाही. वागळे इस्टेटमध्ये माझा प्रिंटिंगचा छोटा गाळा आहे आणि आमच्या इंडस्ट्रियल सोसायटीचं सेक्रेटरीपद कोणी घेईना म्हणून काही वर्षांपासून माझ्या गळ्यात पडलंय, त्यामुळे कोणाच्या गाळ्यात काही राडा झाला की पहिला फोन मला. तेच तेच प्रश्न येतात, तेच तेच उत्तर वॉट्सअॅपवर टाईप करून बोटं दुखतात, म्हणून वकील मित्राकडून कलमं तपासून घेऊन एकदाच सगळं लिहून ठेवतोय. तुमचं प्रकरण मोठं असेल तर वकील गाठा, हे वाचून कोर्टात उभे राहू नका.

ठाण्यात ट्रेसपासचा, म्हणजे दुसऱ्याच्या जागेत घुसण्याचा, लोकल नियम काय आहे? नवी मुंबईत वेगळा आहे का?

वेगळा नाही. मुलुंड चेकनाका ओलांडला म्हणून कायदा बदलत नाही. सगळीकडे एकच, भारतीय न्याय संहिता म्हणजे बीएनएस, जी १ जुलै २०२४ पासून इंडियन पीनल कोडच्या जागी आली. त्याच्या आधी घडलेलं प्रकरण असेल तर जुनं कलम ४४७, ४४८ लागतं, नंतरचं असेल तर बीएनएसचं कलम ३२९. जुने हवालदार अजून बोलताना ४४७च म्हणतात, घाबरू नका, तेच ते.

लोकल काय आहे तर हद्द आणि जागेचा मालक. ठाणे आणि नवी मुंबई अशी दोन वेगळी पोलीस आयुक्तालयं आहेत, जमीन कुठे एमआयडीसीची, कुठे सिडकोची, फुटपाथ महापालिकेचा, स्टेशन रेल्वेचं. कोणाकडे जायचं हे त्यावरून ठरतं.

आणि एक शब्दाचा घोळ. कायद्याच्या मराठीत ट्रेसपासला 'अतिक्रमण' म्हणतात, आणि महापालिकेची हातगाड्या उचलणारी गाडी येते तेही 'अतिक्रमण'च. चौकीत जाऊन नुसतं "अतिक्रमण झालंय" म्हणालात तर समोरचा तुम्हाला वॉर्ड ऑफिसला पाठवेल. आमच्या एका मेंबरला खरंच पाठवलं होतं, तिथे जाऊन तो तासभर बाकड्यावर बसून आला. "अनोळखी माणूस गाळ्यात घुसलाय, धमकावतोय, जात नाहीये" असं साध्या भाषेत सांगा.

मग कायदा नक्की म्हणतो काय?

दुसऱ्याच्या ताब्यातल्या जागेत गुन्हा करायच्या, किंवा ताबेदाराला धमकवायच्या, अपमान करायच्या, त्रास द्यायच्या इराद्याने शिरणं हे फौजदारी अतिक्रमण. आणि दुसरा भाग, जो लोकांना माहीतच नसतो: आत सरळपणे आला, पण नंतर त्याच इराद्याने बेकायदा बसून राहिला तरी तोच गुन्हा. दुकानात तर सगळे सरळपणेच येतात ना, दार उघडंच असतं, त्यामुळे धंदेवाल्यांच्या कामाचा हा दुसरा भागच आहे.

मोकळा प्लॉट किंवा यार्ड असेल तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. जुन्या कायद्यात हा दंड ५०० रुपये होता.

आम्ही 'परवानगीशिवाय प्रवेश निषिद्ध' बोर्ड लावलाय, तेवढं पुरे ना?

नाही. लोकांना वाटतं बोर्ड लावला की आत पाऊल टाकणारा प्रत्येक जण गुन्हेगार. आपल्याकडे तसं नाही, इरादा दाखवावा लागतो. सुप्रीम कोर्टाने पूर्वीच मथरी विरुद्ध पंजाब सरकार या केसमध्ये सांगून ठेवलंय की समोरच्याला त्रास होणारच हे माहीत असणं वेगळं आणि त्रास देणं हाच हेतू असणं वेगळं. कोणी रस्ता चुकून तुमच्या गाळ्यात आला, कुरिअरवाला चुकीच्या मजल्यावर घुसला, पाऊस लागला म्हणून शेडखाली उभा राहिला, हा गुन्हा नाही. उगाच त्यांच्यावर ओरडू नका.

मग बोर्डाचा उपयोग काय? पुराव्याचा. "मला माहीतच नव्हतं" म्हणायची सोय राहत नाही. बोर्ड मराठीत, मोठ्या अक्षरात, गेटच्या बाहेर लावा, आतल्या भिंतीवर कॅलेंडरच्या मागे नको.

माझंच सांगतो. एका पेपर सप्लायरचं बिल अडकलं होतं, क्वालिटीवरून वाद होता, तर त्याने वसुलीला एक माणूस पाठवला. तो आला, पंख्याखालची खुर्ची घेतली आणि बसला. शिवी नाही, आरडाओरडा नाही, नुसता बसला, बूट काढले, आणि येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाईकाला सांगायला लागला की हे पैसे बुडवतात. सकाळी अकरा ते दुपारी तीन. मी आतल्या आत उकळतोय, पोरं मशीन सोडून बघतायत, आणि मी काय केलं तर चहा मागवला, त्यालाही दिला. शेवटी ११२ लावला. आलेल्या हवालदाराने पहिला प्रश्न विचारला, "शेठ, याला जायला सांगितलंत का?" मी गप्प. सांगितलंच नव्हतं. चार तास मनातल्या मनात सांगत होतो. तो माणूस वर हसून म्हणतो, "साहेब, यांनीच चहा पाजला, पाहुणा आहे मी."

हवालदाराचं चुकलं नाही. ग्लासात अजून माझाच चहा होता.

म्हणजे जायला सांगायचं कसं?

स्पष्ट शब्दांत, साक्षीदारासमोर, आवाज न चढवता. "तुमचं काम झालंय, आता तुम्ही बाहेर जा, तुम्हाला इथे थांबायची परवानगी नाही." दोनदा म्हणा. एक माणूस मोबाईलवर शूट करत असेल तर उत्तम, वेळ बोलून दाखवा. तरी नाही गेला की ११२. आधी ११२ आणि मग जायला सांगणं असं उलटं करू नका. आणि चहा पाजू नका.

तोच माणूस पुन्हा पुन्हा येत असेल तर वकिलाकडून नोटीस पाठवा की यापुढे आमच्या जागेत पाऊल ठेवू नका. रजिस्टर एडीची पावती आणि पोचपावती सांभाळून ठेवा. नोटीस मिळूनही आला तर इराद्याबद्दल फार वाद घालावा लागत नाही.

दुकान म्हणजे घर थोडंच आहे, मग 'गृह-अतिक्रमण' कसं लागेल?

लागतं. राहतं घर, प्रार्थनास्थळ आणि तिसरं म्हणजे माल ठेवायची इमारत, या तिन्हींना कायदा एकाच रांगेत ठेवतो. गोडाऊन, मालाने भरलेलं दुकान, तुर्भ्याच्या मसाला मार्केटमधला मिरचीच्या पोत्यांचा गाळा, हे त्यात येतं. शिक्षा एक वर्षापर्यंत, म्हणजे मोकळ्या प्लॉटपेक्षा जास्त. तक्रार लिहून देताना आत माल, मशीन, रोकड काय होतं ते जरूर लिहा, नुसतं "माझ्या जागेत आला" लिहिलं की हलकं कलम लागायची शक्यता.

आणि अख्खा माणूस आत यायला पाहिजे असंही नाही. शरीराचा कुठलाही भाग आत आला तरी पुरे, असं कलमातच लिहिलंय. आमच्या लाईनमधल्या एका गाळ्याचं शटर खालून चार बोटं उचललेलं राहायचं, पट्टी वाकली होती, आणि एका रात्री सीसीटीव्हीत दिसलं की एक हात खांद्यापर्यंत आत, जमिनीवर चाचपडतोय, आणि बाहेर फक्त चपला दिसतायत. मिळालं काय त्याला, एक कटर आणि पुसायच्या फडक्यांचा गठ्ठा. पण तेवढा हात म्हणजेच प्रवेश.

रात्रीचं काही वेगळं आहे का?

हो. लपून शिरणं किंवा कुलूप तोडून, पत्रा काढून, मागच्या खिडकीतून शिरणं याला वेगळी कलमं आहेत, ३३० आणि ३३१. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयाआधी केलं तर साधी शिक्षाच तीन वर्षांपर्यंत, आणि चोरीसाठी केलं असेल तर खूपच वाढते. मारहाणीची तयारी करून घुसला, काठ्या-रॉड घेऊन, तर कलम ३३३, सात वर्षांपर्यंत.

जागा माझ्या नावावर नाही, भाड्याची आहे. मी तक्रार करू शकतो?

करू शकता. कायदा ताबा बघतो, मालकी नाही. तसं बघायला गेलं तर नवी मुंबईत सिडकोच्या जमिनीवर 'मालक' कोण आहे, ६० वर्षांची लीज असते, आणि एमआयडीसीत ९५ वर्षांची. तरी सगळे आपापल्या गाळ्याला "माझा" म्हणतात आणि ते बरोबरच आहे. लीव्ह अँड लायसन्सचं रजिस्टर केलेलं अॅग्रीमेंट, लाईट बिल, शॉप अॅक्टची इंटिमेशन, एवढं एका फाईलमध्ये ठेवा. पोलीस आल्यावर कपाटं उघडत बसू नका.

उलट केस: भाडेकरूची मुदत संपली, खाली करत नाही. मी माझं कुलूप लावू शकतो? आता तो ट्रेसपासरच झाला ना?

हा प्रश्न महिन्यातून एकदा तरी येतो आणि विचारणाऱ्याला उत्तर कधीच आवडत नाही. नाही लावू शकत. जो माणूस कराराने आला आणि व्यवस्थित ताब्यात बसलाय त्याला मुदत संपली म्हणून हाताने बाहेर काढता येत नाही, कोर्टातूनच काढावं लागतं. सुप्रीम कोर्टाने रामे गौडा केसमध्ये २००३ साली तर असं म्हटलंय की खरा मालक असला तरी, समोरचा बेकायदा घुसलेला असला तरी, त्याचा ताबा स्थिर झाला असेल तर कायदेशीर मार्गानेच काढा.

तुम्ही कुलूप ठोकलंत तर काय होतं? तो स्पेसिफिक रिलीफ अॅक्टच्या कलम ६ खाली सहा महिन्यांच्या आत दावा टाकतो, तिथे मालकी कोणाची हा प्रश्नच विचारला जात नाही, फक्त कायद्याशिवाय बाहेर काढलं का एवढंच, आणि ताबा परत घेतो. वर तुमच्यावरच तक्रार. लाईट-पाणी तोडायचा शहाणपणा पण करू नका, महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यात त्यालाही बंदी आहे.

मला मालकांचं दुःख कळतं, हप्ते चालू असतात, समोरचा भाडंही देत नाही. पण कुलूप लावून प्रश्न सुटलाय असं एकही उदाहरण मी बघितलं नाही, वाढलेला मात्र भरपूर वेळा.

घुसलेल्या माणसाला धक्के मारून बाहेर काढलं तर चालेल?

मालमत्तेच्या बचावाचा हक्क आहे, बीएनएसच्या ३४ ते ४४ कलमांत, आणि त्यात अतिक्रमणाचं नाव घेऊन उल्लेख आहे. पण दोन अटी आहेत. गरजेपेक्षा जास्त बळ वापरायचं नाही, आणि पोलिसांची मदत घ्यायला वेळ होता तर हा हक्कच नाही. खुर्चीत चार तास बसलेल्या माणसाच्या बाबतीत "वेळ नव्हता" असं कुठल्या तोंडाने सांगणार? दंडाला धरून दारापर्यंत नेणं एक गोष्ट आणि चार पोरांनी मिळून तुडवणं दुसरी. दुसऱ्यात तुम्हीच आरोपी होता.

भिंतीवर काचा, करंट सोडलेली तार वगैरे विचारणाऱ्यांनी करंट तर विसराच. कोणी मेलं तर तो चोर होता हे सांगून सुटका नाही.

चोर रंगेहाथ पकडला, पोलीस येईपर्यंत आत कोंडून ठेवू शकतो का?

इथे नीट वाचा. साध्या नागरिकाला अटक करायचा अधिकार आहे, बीएनएसएस म्हणजे जुन्या सीआरपीसीच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४० खाली, पण गुन्हा तुमच्या डोळ्यांसमोर घडलेला, दखलपात्र (पोलीस वॉरंटशिवाय पकडू शकतात असा) आणि अजामीनपात्र (जामीन हक्काने मिळत नाही असा) दोन्ही असला पाहिजे. दुकानातली किंवा गोडाऊनमधली चोरी, कलम ३०५, त्यात बसते. नुसतं घुसणं आणि बसून राहणं, कलम ३२९, हे दखलपात्र आहे पण जामीनपात्र, म्हणून त्यासाठी तुम्ही अटक करू शकत नाही. आणि पकडलं तरी उगाच वेळ न काढता, जास्तीत जास्त सहा तासांच्या आत पोलिसांच्या ताब्यात द्यायचं.

सहा तास आहेत म्हणून सहा तास ठेवू नका. लगेच ११२ लावा, पंखा लावा, पाणी द्या (चहा नको असं वर म्हटलं, पाणी द्या), बाई असेल तर स्टाफमधली बाई सोबत बसवा. हात बांधणं, मुस्काटात मारणं, माफीनामा लिहून घेणं, फोटो काढून "हा चोर आहे" म्हणून ग्रुपवर फिरवणं, हे सगळं तुमच्याच अंगावर येतं. बेकायदा कोंडून ठेवल्याचं कलम १२७, एक वर्षापर्यंत.

मॉलमधली सिक्युरिटी बॅग तपासते, ते कोणत्या अधिकाराने? मी नाही म्हटलं तर?

खाजगी जागेत येण्याची ती अट आहे एवढाच अधिकार. तुम्ही नाही म्हणू शकता, ते प्रवेश नाकारू शकतात. जबरदस्तीने अंगाला हात लावून झडती घेता येत नाही, गार्ड म्हणजे पोलीस नव्हे, युनिफॉर्म कितीही कडक असला तरी. आमच्या सोसायटीचे गार्ड ठेवताना एजन्सीचं लायसन्स बघतो, खाजगी सुरक्षा एजन्सींना २००५ च्या कायद्याखाली ते लागतंच, तुम्हीही बघा.

'प्रवेशाचा अधिकार राखीव' असा बोर्ड लावून कोणालाही अडवता येतं?

कोणालाही म्हणजे दारू पिऊन आलेल्याला, आधी तोडफोड करून गेलेल्याला, बंद व्हायच्या वेळेनंतर आलेल्याला, हो. जात, धर्म, लिंग, जन्मस्थान बघून, अजिबात नाही. संविधानाच्या कलम १५(२) मध्ये दुकानं, हॉटेलं, करमणुकीच्या जागा अशी नावं घेऊन लिहिलंय, आणि हे कलम सरकारपुरतं नाही, तुमच्या-माझ्यासारख्या खाजगी दुकानदारालाही लागू आहे. वर नागरी हक्क संरक्षण कायदा १९५५ आणि अॅट्रॉसिटी. ज्या राज्यात १९२७ साली महाडच्या तळ्यावर पाण्यासाठी सत्याग्रह करावा लागला तिथे हा प्रश्न २०२० नंतरही कोणी "जस्ट विचारतोय" म्हणून विचारतं याचा मला राग येतो, पण विचारतात, म्हणून लिहिलं.

कपड्यांवरून, म्हणजे मळक्या कपड्यातला हमाल एसी शोरूममध्ये आला म्हणून बाहेर काढणं, यावर थेट कलम मला सापडलं नाही, पण करू नका. तो पोरीच्या लग्नासाठी टीव्ही घ्यायला आलेला असतो.

काढून टाकलेला कामगार रोज गेटवर येतो, आत घुसतो. काय करायचं?

पहिला माझा उलटा प्रश्न: त्याचा हिशोब पूर्ण दिलाय का? दहापैकी आठ वेळा उत्तर "थोडं बाकी आहे" असं येतं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेत काढलेल्या किंवा सोडून गेलेल्या माणसाचा पगार दोन कामाच्या दिवसांत द्यायचा आहे. आधी तो द्या, बँकेतून, सही घेऊन. त्यातले अर्धे लोक पुन्हा दिसणारही नाहीत.

पैसे चुकते करूनही आत येऊन मशीन बंद पाडत असेल, सुपरवायझरला धमकावत असेल तर वरचीच पद्धत. गेट पास जमा करून घ्या, बायोमेट्रिकमधून नाव काढा (हे सगळे विसरतात!), वॉचमनला लेखी कळवा. गेटबाहेर सार्वजनिक रस्त्यावर शांतपणे उभा राहत असेल तर तुम्ही काही करू शकत नाही, रस्ता तुमचा नाही.

गणपती-नवरात्रात वर्गणीवाले दहा-बारा जण एकदम दुकानात घुसतात आणि आकडा तेच सांगतात...

वर्गणी मागणं गुन्हा नाही, आपणही लहानपणी डबा घेऊन फिरलोय. पण मंडळाला वर्गणी गोळा करायला धर्मादाय आयुक्तांकडून परवानगी लागते, ती विचारा, पावती पुस्तकावर नंबर बघा. परवानगी विचारली की निम्म्या टोळ्या "नंतर येतो" म्हणून जातात, हा माझा अनुभव आहे. "दिले नाहीत तर बघून घेऊ" म्हटलं की प्रकरण ट्रेसपासच्या पुढे गेलं, ती खंडणी, कलम ३०८, सात वर्षांपर्यंत. देणार असाल तर यूपीआयने द्या, मंडळाच्या खात्यावर. ओळखीच्या पोराच्या नंबरवर नाही.

पत्रकार आहोत, चॅनेल आहे म्हणून कॅमेरा घेऊन आत येतात. अडवू शकतो?

हो. प्रेस कार्ड म्हणजे खाजगी जागेत शिरायचा परवाना नाही, खरं असो वा पन्नास रुपयात छापलेलं (आणि छापणारा मी असल्यामुळे सांगतो, असली कार्डं छापायला लोक येतात, मी परत पाठवतो). माहिती अधिकारवाल्यांचंही तेच, आरटीआय सरकारी ऑफिसला लागतो, तुमच्या गाळ्याला नाही. व्हिडिओ दाबण्यासाठी पैसे मागितले तर परत खंडणी. मात्र ते बाहेर रस्त्यावरून शूट करत असतील आणि तुम्ही खरंच नाल्यात केमिकल सोडत असाल, तर मला फोन करू नका.

रील बनवणारी कॉलेजची पोरं मॉलमध्ये नाचतात तो गुन्हा नाही, पण थांबवायला सांगितलं तर थांबावं लागतं.

सरकारी अधिकारी न सांगता आला तर?

त्याला ट्रेसपासर म्हणू नका. फॅक्टरी इन्स्पेक्टर, अन्न आणि औषध प्रशासन, वजनमाप, महापालिकेचं फायर किंवा आरोग्य खातं, यांना आपापल्या कायद्याने तपासणीला यायचा अधिकार आहे. तुमचा अधिकार एवढाच की ओळखपत्र बघायचं, नाव आणि वेळ रजिस्टरमध्ये लिहायची, झडती असेल तर लेखी आदेश बघायचा. सेंट्रल जीएसटीच्या पत्रावर डीआयएन नंबर असतो, तो त्यांच्या वेबसाईटवर टाकून खरा-खोटा बघता येतो. अडवलंत, ढकललंत तर कलम १३२, म्हणजे आपलं जुनं प्रसिद्ध ३५३.

तोतये पण फिरतात. खरा अधिकारी कार्ड दाखवायला चिडत नाही, किंवा चिडला तरी दाखवतो.

मराठी पाटी नाही म्हणून कार्यकर्ते दुकानात घुसले, काउंटरवर हात आपटले. त्यांचं बरोबर की माझं?

दोघांचं चूक. मराठी पाटी बंधनकारक आहे, २०२२ च्या दुरुस्तीनंतर दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांनाही, देवनागरीत, आणि मराठी अक्षर दुसऱ्या भाषेपेक्षा लहान नको. सुप्रीम कोर्टाने २०२३ मध्ये मुदत देऊन झाली. मग अजून का नाही लावली? पण कारवाई करायचं काम प्रशासनाचं आहे, काउंटर फोडायचा अधिकार कोणालाच नाही. पाटी लावा. तक्रारही करा. दोन्ही जमतं.

माझ्या दुकानासमोर पाणीपुरीची गाडी लागते, हा ट्रेसपास?

फुटपाथवर असेल तर नाही, कारण फुटपाथ तुमच्या ताब्यात नाही. त्यासाठी महापालिकेचा अतिक्रमण विभाग, महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम १९४९, कलम २३१, आणि फेरीवाल्यांसाठी २०१४ चा वेगळा कायदा, त्यात त्यांचेही हक्क आहेत. गाडी सोसायटीच्या कंपाऊंडच्या आत असेल तर सोसायटीने तक्रार करायची.

पण तक्रार करायच्या आधी खाली बघा. तुमच्या दुकानाची पायरी, तो लोखंडी रॅम्प, दोन फूट बाहेर काढलेला पत्रा आणि पुतळ्यांना घातलेले कपडे कुठे उभे आहेत? महापालिकेची गाडी आली की पहिलं तेच उचलतात. नौपाड्यात, वाशीच्या सेक्टरांत, सगळीकडे हेच. मोकळी मार्जिन सोसायटीची असते, गाळेधारकाची नाही.

वाशी, बेलापूर स्टेशनच्या वर ऑफिसं आहेत. तिथे कोणता नियम?

सिडकोने स्टेशनं बांधतानाच वर-खाली ऑफिस-दुकानांची सोय केली त्यामुळे हा गोंधळ होतो. ऑफिसच्या आत असाल तर बीएनएस आणि नेहमीचं पोलीस स्टेशन. प्लॅटफॉर्म किंवा रुळांकडे गेलात तर रेल्वे कायदा १९८९, कलम १४७, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, आणि तिथे आरपीएफ.

पोलीस म्हणतात एनसी घेतो, एफआयआर होणार नाही. खरंय का?

फौजदारी अतिक्रमण दखलपात्र आहे. एनसी अदखलपात्र गुन्ह्याची असते. हे शांतपणे, कलमाचा नंबर घेऊन सांगा, फरक पडतो. हद्दीवरून टोलवाटोलवी झाली, "हे रबाळ्याचं नाही, रबाळे एमआयडीसीचं आहे" वगैरे, तर झिरो एफआयआर मागा, हद्द कुठलीही असली तरी नोंदवून घ्यावीच लागते, बीएनएसएस कलम १७३. ऑनलाईन कळवलंत तर तीन दिवसांत जाऊन सही करायची. तरी नाहीच घेतली तर लेखी तक्रार डीसीपींकडे, आणि नंतर मॅजिस्ट्रेटकडे.

सीसीटीव्हीचं फुटेज त्याच दिवशी काढून ठेवा. डीव्हीआर भरला की जुनं आपोआप पुसतं आणि लोक महिन्याने माझ्याकडे येतात. कोर्टात लावायचं तर साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं सर्टिफिकेट लागतं, मूळ डीव्हीआर विकू नका, फॉरमॅट मारू नका.

किती दिवसांत तक्रार करायची? नंतर मिटवता येते का?

शक्यतो त्याच दिवशी. कोर्टाला दखल घ्यायची मुदत कलम ३२९ साठी एक वर्ष आहे, पण वर्षभर थांबलात तर कोणी विश्वास ठेवणार नाही. मिटवता येते, ज्याच्या ताब्यातली जागा आहे तो तडजोड करू शकतो. माझ्या खुर्चीवाल्याचं तसंच झालं, हवालदारासमोर त्याने पुन्हा येणार नाही असं लिहून दिलं, सप्लायरशी मी पुढच्या आठवड्यात बसलो, खराब रिमांचे पैसे कापून बाकीचे दिले. तोच माणूस आता दिवाळीला त्यांच्याकडची डायरी द्यायला येतो, बाहेरूनच हाक मारतो, "शेठ, आत येऊ का?"

भटकी कुत्री गोडाऊनमध्ये शिरतात, त्यांच्यावर काही...?

नाही हो. इरादा लागतो म्हटलं ना वर. आणि मारलंत किंवा लंगडं केलंत तर कलम ३२५, पाच वर्षांपर्यंत. शटरची ती खालची पट्टी सरळ करून घ्या, कुत्रं पण येणार नाही आणि हात पण.